सातवा ठोका

"मामी, एकच बटण दाबायचं असतं. त्यात काय एवढं?"

असं म्हणून माझ्या नणंदेच्या मुलानं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि पुढच्या पाऊण तासात मी त्या एका बटणापुढे हात टेकले! गोष्ट गेल्या वर्षीच्या आषाढातली. इंजिनीअरिंगची परीक्षा संपवून तो पुण्याहून आठ दिवस आमच्याकडे राहायला आला होता. बाहेर पावसाची झड आणि घरात सकाळपासून 'ठक्... ठक्...' असा आवाज. मला आधी वाटलं माळ्यावर उंदीर झालेत. बघते तर हा कॉटवर मांडी घालून कीबोर्डवरची ती लांबडी पट्टी, स्पेसबार, बडवत बसलेला.

खेळाचं नाव 'ऱ्हिदम डॉक्टर'. तुम्ही म्हणजे शिकाऊ डॉक्टर. रोगी दूर कुठंतरी हॉस्पिटलात, तुम्ही आपले घरबसल्या त्याला बरं करायचं. त्याच्या हृदयाचे ठोके कार्डिओग्रामसारखे आडव्या रेषेत उमटत जातात. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा... आणि सातव्याला बरोब्बर बटण. की त्याला विजेचा झटका बसतो आणि हृदय ताळ्यावर येतं. एवढाच खेळ. ना गाड्या पळवायच्या, ना बंदुका झाडायच्या.

ऐकायला अगदी सोपं आहे हो! पहिल्या रोग्याला मी बरं केलंही. दुसऱ्याच्या वेळी मधलेच ठोके गायब व्हायला लागले. म्हणजे तिसरा वाजत नाही, पाचवा वाजत नाही, पण मनातल्या मनात ते मोजायचे आणि सातव्याला चुकायचं नाही. पुढे दोन रोगी एकदम, दोघांची चाल निराळी. शेवटी परीक्षेसारखा इंग्रजी अक्षरात शेरा मिळतो. मला काय मिळालं असेल ते सांगायला नको. नापास व्हायची सवय मोडून पंचवीस वर्षं झाली होती, त्यामुळे जरा लागलंच.

"बटण उशिरा लागतंय रे तुझं," मी म्हटलं.

तो हसला. "सगळेच असं म्हणतात मामी. हा खेळ खेळणाऱ्याचा पहिला अभिप्राय हाच असतो."

नाचता येईना अंगण वाकडं! मी गप्प बसले. पण ते अंगण डोक्यातून जाईना.

दर बुधवारी दुपारी आमच्याकडे मंगळागौरीच्या खेळांची तालीम असते. श्रावणात तालुक्याला स्पर्धा होते, त्यात आमच्या मंडळाचा बारा जणींचा संच उतरतो. त्या बुधवारी पावसामुळे आठच जणी आल्या. तालमीला रंग भरेना, म्हणून भाच्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि म्हणाला, "मावश्यांनो, या, एकेकीनं रोगी बरा करा."

अहो, काय गोंधळ झाला म्हणून सांगू! प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. एकीनं बटण असं दाबलं, की पिठाची गोळीच चेपतेय. दुसरी सातव्या ठोक्याला डोळे मिटून घ्यायची, फटाका वाजणार असल्यासारखे. आमच्यात एक आशाताई आहेत. त्यांनी आधीच हरकत घेतली, की नाडी अशी नसतेच. त्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं, की हृदय बंद पडलं तर छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, तीस दाब आणि मग दोन श्वास. "तिथं मोजायला सातवा-बितवा नसतो, हात थांबला की संपलं," त्या म्हणाल्या. बरोबरच आहे त्यांचं. हा खेळ वैद्यकी शिकवायला नाहीच मुळी, पण आमच्या बायका रोग्याचा जीव खरोखरच टांगणीला लागल्यासारख्या खेळत होत्या. एका काकूंनी चुकल्यावर पडद्याला हात जोडले.

सगळ्यात गंमत झाली आमच्या संगीताच्या बाईंची. पस्तीस वर्षं शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. सात मात्रा म्हटल्यावर खुशीनं पुढे सरसावल्या. रूपक ताल सात मात्रांचाच की! ती ती ना, धी ना, धी ना. तीन-दोन-दोन. आणि बाई काय केल्या? दर वेळी चुकल्या. एकदाही सातव्याला हात पडेना, नेहमी पुढच्यावर.

त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि कारण स्वतःच सांगितलं. आपल्या कानाला सम हवी असते. आवर्तन फिरून पहिल्या मात्रेवर येतं तिथं मान डोलते, टाळी पडते, जीव थंड होतो. रूपकात तर ती सम खालीवर येते, तरी असते पहिल्याच मात्रेवर. आणि हा खेळ म्हणतो, समेच्या आधीच्या मात्रेवर हात टाका. "हे म्हणजे पाहुणा दारात यायच्या आधीच चहा ओतल्यासारखं झालं," बाई म्हणाल्या. गाणं न शिकलेल्यांना नुसते आकडे मोजून जे साधत होतं, ते पस्तीस वर्षांच्या सवयीमुळे त्यांना जमेना. त्या मात्र चिडल्या नाहीत, वहीत टिपून घेतलं.

पण 'बटण उशिरा लागतंय' ही तक्रार आठही जणींची होती. तेव्हा भाचा जरा गंभीर झाला. त्यानं कसलीशी तपासणी उघडली. टिकटिक वाजते, त्याबरोबर आपण दाबत जायचं, की किती मागे-पुढे होतंय ते कळतं. आणि काय आश्चर्य, अंगण खरंच वाकडं निघालं! लॅपटॉपवरचं चित्र आमच्या टीव्हीवर उमटायला जरासा वेळ लागत होता. हे आजकालचे सपाट टीव्ही चित्र सुंदर करून दाखवायच्या नादात थोडं थांबतात म्हणे. बिनवायरीच्या स्पीकरवर तर आवाजही मागून येतो. मालिका बघताना आपल्याला ते कळत नाही, इथं मात्र डोळ्याची पापणी लवेपर्यंत चूक झालेली असते. मला एकदम आमच्या गावची दिंडी आठवली. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दिंडी लांब असली की पुढच्यांचा टाळ शेवटच्याला उशिरा ऐकू येतो आणि तो बिचारा मनापासून वाजवूनही मागेच पडतो.

भाच्यानं ती फट जुळवून दिली. त्यानंतर पाच जणी पास झाल्या.

हे खेळ करणारी माणसं कोण असतात, मी रात्री त्याला विचारलं. 'ऱ्हिदम डॉक्टर' मूळ मलेशियाच्या हाफिझ अझमान या तरुणाच्या डोक्यातून निघाला. विद्यार्थी असताना त्यानं छोटासा नमुना केला. पुढे देशोदेशीचे मित्र जमले. त्यांच्या मंडळाचं नावच मुळी 'सेवन्थ बीट', म्हणजे सातवा ठोका. २०१९ मध्ये त्यांनी 'अ डान्स ऑफ फायर अँड आइस' हा दुसरा खेळ काढला. त्यातही एकच बटण, आणि तोही भल्याभल्यांना रडवणारा. 'ऱ्हिदम डॉक्टर' त्यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये विकायला ठेवला, तोही अर्धाच. आपण लोणचं मुरायच्या आधी शेजारणीला वाटीभर चाखायला देतो ना, तसं. लोकांनी खेळायचं, कुठं अडलं, कुठं वैताग आला ते सांगायचं, आणि यांनी दुरुस्त करत पुढचा भाग घालायचा. असं करत पुरा खेळ हातात आला २०२५ च्या डिसेंबरात. एका बटणाच्या खेळाला एवढी वर्षं! मला त्यांचं कौतुक वाटलं. 'तुम्हालाच येत नाही' असं म्हणून मोकळं व्हायला काय जातं?

जपानात हे आधीपासून चाललंय. सुनकू नावाचे तिथले प्रसिद्ध गायक-संगीतकार. तालाचाच खेळ करू, अशी त्यांची कल्पना निन्तेन्दो कंपनीनं उचलली आणि २००६ मध्ये 'ऱ्हिदम तेन्गोकू' आला. सुनकूंनी खेळ बनवणाऱ्या इंजिनीअर मंडळींना आधी नाच शिकायला पाठवलं होतं. ताल अंगात नसेल तर तो यंत्रात कुठून येणार? २००८ च्या पुढच्या खेळात बटणाऐवजी काडीनं पडद्यावर फटकारा मारायचा होता. बऱ्याच खेळणाऱ्यांची तक्रार झाली, की फटकारा नेमका लागत नाही. २०११ मध्ये तिसरा आला तो पुन्हा साध्या बटणांवर. आणि मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांचं कॅफे. एखाद्या ठिकाणी तुम्ही पुन्हा पुन्हा नापास झालात, की कॅफेवाला म्हणतो, राहू दे, हवं तर हे सोडून पुढं जा. आमच्या वेळच्या गणिताच्या मास्तरांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं. याच सुनकूंचा पुढे घशाच्या कॅन्सरमुळे आवाज गेला. २०१५ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. गाणं थांबलं, पण तालाचं काम त्यांनी सोडलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

खेळात एक टप्पा असा येतो, की पडदाच बिघडतो. चित्र थरथरतं, फाटतं, रेषा वेड्यावाकड्या होतात. हे मुद्दाम केलेलं असतं. डोळ्यांवर भरवसा ठेवला की तुम्ही गेलात. भाचा स्वतः तिथं तीन दिवस अडकला होता. गुरुवारी दुपारी तो पुन्हा खेळत होता, मी बाजूला बसून बघत होते. आमच्या मोठ्या जाऊबाई खिडकीशी तांदूळ निवडत बसल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. तो चुकला की 'च्' करायचा. आणि माझ्या लक्षात आलं, की ताटाच्या काठावर एक बोट वाजतंय. टिक्. बरोब्बर सातव्याला. पडदा फाटो की काही होवो, ते बोट चुकत नव्हतं.

भाच्यानंही ऐकलं. तो उठला, लॅपटॉप तसाच उचलून त्यांच्याशेजारी नेऊन ठेवला. "मोठ्या मामी, बघू नका. नुसतं ऐका आणि इथं बोट ठेवा."

त्यांनी हात पदराला पुसला, बोट ठेवलं आणि तो टप्पा पहिल्या फटक्यात पार केला! पोरगं घरभर नाचलं. ताई म्हणाल्या, "यात काय अवघड? फुगडीत तरी कुठं दिसत असतं? सगळं गरगरतच असतं की."

फुगडी. मला एकदम आठवलं. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या मंगळागौरीला रात्रभर संच सांभाळला होता तो याच बाईनं. पिंगा, किकीचं पान, साळुंकी, गाठोडं, बसफुगडी... कुणाचं पाऊल चुकलं तर त्या नुसत्या पकव्याच्या आवाजानं तिला तालावर आणायच्या. अकरा वर्षांपूर्वी भावोजी गेले. तेव्हापासून ताई तालमीच्या दिवशी आत चहा करतात. कपांचा ट्रे दारात आणून देतात आणि मी तो उचलून आत नेते. दर बुधवारी. अकरा वर्षं.

आणि मी कोण? मंडळाची कार्यकर्ती! मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. हेरवाड आमच्या सांगली जिल्ह्यापासून जवळच. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं आवाहन केलं. मी त्यावर मंडळात वीस मिनिटं बोलले होते. परिपत्रकाची झेरॉक्स फळ्यावर लावली होती. टाळ्याही पडल्या. चहा त्या दिवशीही ताईंनीच केला होता.

आमच्या संचाचा ताल धरणारी मैत्रीण त्या वर्षी नवऱ्याच्या बदलीमुळे नागपूरला गेली होती. दोन महिने आम्ही अडखळत होतो. झिम्म्याच्या टाळ्या मागे-पुढे पडायच्या आणि प्रत्येकीला वाटायचं दुसरी चुकतेय. उत्तर घरातच तांदूळ निवडत बसलेलं होतं, आणि ते दाखवायला मलेशियाचा खेळ यावा लागला.

त्या रात्री ताईंना विचारलं. खरं सांगते, शब्द जुळत नव्हते. त्या भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, "बायका काय म्हणतील ते तुला ठाऊक आहे. आणि अकरा वर्षं तू तरी कुठं विचारलंस?" रागानं नाही म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या बुधवारी मी मंडळात विषय काढला. संगीताच्या बाई लगेच 'हो' म्हणाल्या, आशाताईही. दोघी-तिघी गप्प राहिल्या. एक काकू म्हणाल्या, "आमचं काही नाही गं, पण देवाचं आहे ना, सवाष्णींचंच असतं." दुसरीची सून नवी होती, नुकतंच लग्न झालेलं. त्यांनी नजर चुकवली आणि 'घरी विचारून सांगते' म्हणाल्या. त्या दोघी पुन्हा तालमीला आल्या नाहीत. त्यांतल्या एकीशी माझी वीस वर्षांची मैत्री. भाजी घेताना भेटतो, बोलतो, पण तो विषय दोघी टाळतो.

ताई लगेच तयार झाल्या असं समजू नका. भाच्यानं जायच्या आधी आपला जुना लॅपटॉप आमच्याकडे ठेवला. त्या खेळात दोघांनी मिळून खेळायचीही सोय आहे. जेवणं उरकली की आम्ही दोघी जावा ओट्याशेजारच्या टेबलावर बसायचो, एक रोगी त्यांचा, एक माझा. मी चुकले की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू दूध उतू गेलंय. मग एकदा न राहवून त्यांनी माझ्या मांडीवर हातानं ठेका धरला. "मोजू नकोस. मोजतेस म्हणून चुकतेस. सहावा झाला की श्वास सोड, सातवा आपोआप येतो." पकवा! तोच पकवा त्या मला शिकवत होत्या. त्यानंतरच्या बुधवारी चहाचा ट्रे घेऊन त्या दारात थांबल्या नाहीत. आत आल्या, ट्रे तिपाईवर ठेवला आणि म्हणाल्या, "झिम्म्याची दुसरी टाळी तुमची सगळ्यांची घाईत पडते. परत करा."

स्पर्धेला त्या खेळायला उतरल्या नाहीत. पहिल्या रांगेत, रंगमंचाच्या अगदी समोर बसून ठेका मात्र त्यांनीच धरला. आम्ही दहा जणींनी त्यांच्या हातावर नजर ठेवून खेळ केला. नंबर आला नाही. परीक्षकांनी वेशभूषेत गुण कापले म्हणे. घरी यायला रात्रीचे साडेअकरा झाले. नऊवारीचा काष्टा सोडायच्या आधी ताई अंगणात थांबल्या. पाऊस उघडला होता. दोन्ही हात पुढे करून म्हणाल्या, "ये." दहा-बारा गिरक्या झाल्या असतील. मला चक्कर आली, त्यांना नाही.

लॅपटॉप अजून आमच्याकडेच आहे. ताईंचं आता माझ्यावाचून अडत नाही. प्रत्येक टप्प्याची जी रात्रपाळी असते, म्हणजे तोच रोगी पण जास्त अवघड, ती त्या एकट्या खेळतात. परवा त्यांनी भाच्याला फोन लावायला सांगितला. एका ठिकाणी पाचवा ठोका केसभर रेंगाळतो, हे त्या मुलांना कळव, म्हणाल्या. त्यानं त्यांच्याच शब्दांत, इंग्रजीत करून, लिहूनही टाकलं. मग दोन दिवसांनी त्यालाच शंका आली. त्यानं विचारलं, "मामी, आवाज कशावर ऐकता?" ताई तो नवा, बिनवायरीचा स्पीकर लावत होत्या. तो काढून लॅपटॉपच्याच आवाजावर खेळून बघितलं. ठोका रेंगाळत नव्हता.

"मग तेही लिही," ताई फोनवर म्हणाल्या. "चूक तुमची नव्हती, आमच्या स्पीकरची होती म्हणावं. उगाच त्यांची झोप उडायला नको."